ज्याचं भाडं त्याचा माईक

आमचं दुकान मंडप, साउंड आणि लायटिंगचं. बसस्टँडच्या मागं, दोन गाळे. गावाचं नाव लिहीत नाही. गोदाकाठचं तालुक्याचं ठिकाण, क वर्गाची नगरपरिषद, एवढं पुरे. वडलांनी एक भोंगा, एक अँप्लिफायर आणि दोन माईकवर धंदा सुरू केला होता. मी २००८ ला राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालो, आणि त्या पदवीचा उपयोग इतकाच झाला की कोणता उमेदवार भाडं बुडवणार हे मला अर्ज भरायच्या दिवशीच कळतं.

नोव्हेंबरात एका दुपारी कॉलेजची पाच पोरं दुकानात आली. तीन पोरं, दोन पोरी. मला वाटलं गॅदरिंगचं असंल. त्यातली चष्मेवाली म्हणाली, "काका, नगराध्यक्षाच्या सगळ्या उमेदवारांना एका जागी बसवून प्रश्न विचारायचेत. साउंड लागंल. पैसे कमी हैत."

मी विचारलं, "कोणत्या पार्टीकडून?"

"कोणत्याच नाही."

असं उत्तर माझ्या दुकानात आजवर कुणी दिलं नव्हतं.

या पोरांचं वय धरा वीस. आमच्या नगरपरिषदेची आधीची निवडणूक २०१६ ची. तेव्हा ही पाचवी-सहावीत होती. मुदत संपली, आरक्षणाचा घोळ कोर्टात गेला, आणि पुढं जवळजवळ चार वर्षं गावावर प्रशासक. मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठं हालचाल झाली. म्हणजे या पोरांनी समज आल्यापासून नगरसेवक नावाचा माणूस कामावर असलेला बघितलाच नाही. नळाला पाणी नाही तर कुणाच्या दारात जायचं, हेही त्यांना ठाऊक नाही. कॉलेजात तरी मत द्यायला मिळालं असतं, तर तेही नाही. १९९४ च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या आणि वर्गाचा प्रतिनिधी मार्कांवरून ठरू लागला. माझ्या वर्गात जो झाला त्याला आम्ही पोरं ओळखतच नव्हतो, तो परीक्षेलाच यायचा. २०१६ च्या नव्या कायद्यात निवडणुका पुन्हा आणल्या, त्या कागदावरच राहिल्या.

कॉलेजनं हॉल दिला नाही. प्राचार्य म्हणाले, विद्यार्थ्यांनी राजकारणात पडू नये, आचारसंहिता आहे, उद्या काही झालं तर जबाबदार कोण. आचारसंहितेचं भ्या खरंच असतं, अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला तर जास्तच. पण दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, त्याच हॉलमध्ये साउंड माझाच असतो. तेव्हा भाषणात हटकून १९३८ येतं. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातल्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या पोरांनी वसतिगृहात वंदे मातरम म्हटलं, निजामाच्या राज्यात त्यांना काढून टाकलं, नागपूर विद्यापीठानं त्यातल्या कित्येकांना पोटात घेतलं. टाळ्या पडतात. ती पोरं राजकारणात पडली म्हणूनच आपण दरवर्षी तिथं झेंडा लावतो, हे मी साउंडच्या मिक्सरवर बसून मनात म्हणतो. मोठ्यानं म्हणत नाही. प्राचार्यांकडं माझं गॅदरिंगचं बिल असतं.

मंगल कार्यालय मिळालं नाही, एक तर लग्नाच्या तिथी, वर मालक एका पॅनलचा. शेवटी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेची गच्ची ठरली. परवानगीचं मोठं रामायण झालं. पोलीस ठाण्यात अर्जावर 'वादविवाद' लिहिलं होतं. ठाणे अंमलदार म्हणाला, "वाद पण अन् विवाद पण? नको बाबा." मग नाव बदललं, 'उमेदवार आपल्या भेटीला'. दहाच्या आत साउंड बंद, या अटीवर सही झाली. निवडणूक कार्यालयात बाबूनं वेगळाच मुद्दा काढला. हा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा? प्रत्येक उमेदवाराला खर्चाची मर्यादा असते, हिशोब द्यावा लागतो. चौघींना मिळून एक गच्ची, त्याचे चार भाग करायचे का? पोरांनी लिहून दिलं की खर्च आमचा, कुणाचा प्रचार नाही, चौघींना सारखंच बोलावलंय. लेखी उत्तर शेवटपर्यंत आलं नाही. तोंडी 'घ्या' आलं. आपल्याकडं बरंच काही तोंडी 'घ्या'वर चालतं.

चौघींना म्हणालो, कारण आमच्याकडं नगराध्यक्षपद महिलेला सुटलं होतं. नगरसेवक प्रभागाप्रमाणे, एका प्रभागात दोन, आणि नगराध्यक्ष सगळ्या गावानं थेट निवडायचा. म्हणजे या चार बायांना सारं गाव मत देणार. पण बॅनर बघितले तर साहेब कमरेपर्यंत हात जोडून उभे, आणि कोपऱ्यात बाईसाहेबांचा फोटो पासपोर्टएवढा. प्रचारात मी नऊ सभांना साउंड लावला. बाई उठायच्या, "माझा सगळ्यांना नमस्कार, मला प्रचंड मतांनी निवडून द्या" एवढं बोलून बसायच्या. मग मालक चाळीस मिनिटं. नऊ सभांत मिळून बायांच्या हातात माईक पंधरा मिनिटंसुद्धा नव्हता. हे मी अंदाजानं सांगत नाही, कॉर्डलेस कुणाच्या हातात आहे याच्यावर डोळा ठेवणं हेच माझं काम.

आमच्या धंद्यात एक न लिहिलेला कायदा आहे: ज्याचं भाडं त्याचा माईक. सभेत कुणी मधेच उठून प्रश्न विचारायला लागला तर त्याच्या हातात माईक द्यायचा नाही. पाहुणा लांबला तर आवाज कमी करायचा नाही, यजमान खूण करील तेव्हाच करायचा. सतरा वर्षांत मी शेकडो सभा केल्या असतील. समोर बसलेल्या माणसाच्या हातात माईक गेलेला एकदाही बघितला नाही. ग्रामसभेत तरी माणूस उठून भांडतो. शहरात, म्हणजे आमच्यासारख्या नावाच्या शहरात, तेवढंही नाही.

म्हणून पोरांनी बावीसशे रुपये आणून दिले तेव्हा मी ते दोनदा मोजले. दहाच्या, वीसच्या नोटा. प्रत्येकानं काहीतरी टाकलेलं. त्याच्या दोनच दिवस आधी एका उमेदवाराचा पुतण्या येऊन गेला होता. "पोरांचं सगळं बिल आमच्याकडून धरा, बिचारे शिकणारी लेकरं हैत." मी पोरांना सांगितलं. चष्मेवाली म्हणाली, "नको म्हणून सांगा, काका." तिच्याएवढी अक्कल मला वीसाव्या वर्षी नव्हती. खरं तर आजही आहे का, ते पुढं कळंल.

प्रश्नांचं त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. गावात प्रश्न विचारला की उत्तराआधी उलटा प्रश्न येतो, "तू कुणाचा रे?" आडनाव, गल्ली, भावकी, बाप कुठं कामाला, हे सगळं एका वाक्यात. प्रश्न रस्त्याचा असू द्या नाहीतर गटाराचा, त्याला लगेच जात चिकटते आणि पॅनल चिकटतं. एका पोराचा बाप नगरपरिषदेत रोजंदारीवर, एकाच्या चुलत्याचा टपरीचा परवाना अडकलेला. ही पोरं उभी राहून काय विचारणार? मग त्यांनी गोडेतेलाचे पंधरा किलोचे तीन रिकामे डबे आणले, वरून चीर पाडली, आणि एक अभ्यासिकेत, एक चहाच्या टपरीवर, एक मोंढ्यात ठेवला. नाव लिहायचं नाही. प्रश्न लिहून टाकायचा. सगळे प्रश्न दोन पोरींनी एकाच अक्षरात वहीवर उतरवून काढले, म्हणजे अक्षरावरूनही कुणी ओळखायला नको.

एका रात्री दुकानात बसून त्यांनी ते वाचले. नवव्या दिवशी पाणी येतं ते ठीक, पण कोणत्या वेळी येणार हे आदल्या दिवशी का सांगत नाहीत? बाजारात बायकांना लघवीला जायला एक जागा नाही, दिवसभर भाजी विकणारीनं काय करायचं? ओढ्यातलं पाणी सप्टेंबरात घरात शिरलं, पंचनामा झाला, पुढं काय? स्मशानभूमीला पावसाळ्यात खांद्यावर माणूस नेता येत नाही. डुकरं. डुकरांवर अकरा चिठ्ठ्या होत्या. आणि एक चिठ्ठी अशी, "बाई, तुमची सही तुमच्या मालकाला जमते का?" पोरं हसली. घ्यायचा की नाही यावर तासभर भांडली. शेवटी चष्मेवालीनं तो बदलून लिहिला: "नगरपरिषदेच्या सभेत अध्यक्षाच्या खुर्चीवर कोण बसणार?"

मतदान मंगळवारी, २ डिसेंबरला. त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही गच्चीवर सव्वाशे खुर्च्या मांडल्या, दोन कॉलम स्पीकर, चार टेबल माईक. नियम तीनच. बोलायचं उमेदवारानंच. एका उत्तराला दोन मिनिटं. क्रम चिठ्ठीनं. वेळ संपली की घंटा, पण माईक बंद करायचा नाही, हे मीच सुचवलं होतं. माईक बंद केला की माणसाचा अपमान होतो, घंटेनं होत नाही. मोठा तोरा होता मला माझ्या त्या सल्ल्याचा.

चौघींपैकी तिघी आल्या. चौथीचा दीर आला. "वहिनीला बरं नाही, मी बोलतो की." पोरं म्हणाली, नियम आहे. तो म्हणाला, "नियम तुम्ही कोण करणार?" बरोबरच्या वीसेक जणांना घेऊन खाली उतरला आणि रस्त्यावर ऑटोचा भोंगा फुल करून उभा राहिला. तो भोंगा माझाच, भाड्यानं दिलेला. पोरांना चौथ्या जागी रिकामी खुर्ची नावासकट ठेवायची होती. मी म्हणालो, ठेवू नका, खुर्ची माझी आहे, तिच्यावर माझ्या दुकानाचं नाव आहे. पोरांना वाटलं मी गंमत करतोय.

पहिल्या बाई कागद घेऊन आल्या होत्या. प्रश्न पाण्याचा, कागद रस्त्याचा. त्यांनी रस्त्याचा वाचला. दुसऱ्या अपक्ष, शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीणबाई, अतिशय छान बोलल्या. इतक्या छान की पाचव्या उत्तराला लक्षात आलं, यात एकाही गल्लीचं नाव नाही.

तिसऱ्या बाईंचे मालक पहिल्या रांगेत बसले होते. तीन वेळा नगरसेवक झालेले गृहस्थ. बाई बोलताना यांचे ओठ हलत होते, जसं लेकराच्या गॅदरिंगला आईचे हलतात. पहिले दोन प्रश्न त्या अडखळल्या, मालकाकडं बघत राहिल्या. मग पाण्याचा आला. बाईंनी मान वळवली ती वळवलीच. कोणत्या गल्लीत रात्री दोनला पाणी येतं, कोणत्या गल्लीत पहाटे पाचला, व्हॉल्व्ह सोडणारा माणूस एकच, तो आजारी पडला की अर्धं गाव कोरडं, वरच्या टाकीत पाणी चढायला लाईट किती तास लागते, सगळं. "मी स्वतः रात्री दोनला उठून हंडे भरते. मला कामून ठाऊक नसंल?" मागच्या रांगेतल्या बाया हसल्या, टाळ्या पडल्या. पुढचा प्रश्न, नगरपरिषदेचं वर्षाचं उत्पन्न किती? "मला माहीत नाही." एवढंच. मालकानं कपाळाला हात लावला. मला मात्र ते उत्तर बरं वाटलं. माहीत नाही असं माझ्या माईकवरून कुणी बोललेलं मला आठवत नाही.

आणि मग तो खुर्चीचा प्रश्न.

पहिल्या म्हणाल्या, जनता बसणार. मास्तरीणबाई म्हणाल्या, मीच. या बाईंनी क्षणभर माईककडं बघितलं. "मीच बसणार," त्या म्हणाल्या. मालक तोवर उठून माझ्या टेबलाजवळ आले होते. वाकून हळूच म्हणाले, "माईक घे खाली." प्रचाराच्या ऑटोचे आणि तीन सभांचे मिळून त्यांच्याकडं माझे अठरा हजार बाकी होते. त्यांनी त्याचं नावही काढलं नाही. मी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, खाली घेतला.

बाईंना कळलं नाही. त्या बोलतच होत्या. पहिल्या तीन रांगांना ऐकू आलं: "पण घरी विचारल्याबिगर मी आजवर काही केलं नाही, खोटं कामून बोलू. शिकंल मी. सहा महिने द्या मला." मागच्या शंभर माणसांना ऐकू आलं ते फक्त "मीच बसणार" आणि मग ओठांची हालचाल. पोरं माझ्याकडं धावली. मी वायर हलवल्यासारखं केलं, म्हणालो, लूज झाली. तोवर घंटा वाजली होती.

दुसऱ्या दिवशी गावात दोन सभा झाल्यासारखं झालं. पुढं बसलेले म्हणत होते, बाई खरं बोलली, पहिल्यांदा कुणी खरं बोललं. मागं बसलेले म्हणत होते, बाई घाबरली, मधेच गप्प बसली. व्हॉट्सअॅपवर जी क्लिप फिरली ती मागच्या रांगेतून काढलेली. तिच्यात बाई मुक्या.

वडील म्हणाले, असल्या कार्यक्रमानं मत फिरत नसतं, मत फिरतं ते आदल्या रात्री. लक्ष्मीदर्शनावर त्यांचा माझ्यापेक्षा दांडगा अभ्यास आहे. माझा एक मित्र तासिका तत्त्वावर शिकवतो, त्याचं म्हणणं वेगळं. असं काही ठेवलं की बोलघेवडा माणूस जिंकतो, आणि नगरपरिषद चालवायला वक्तृत्व लागत नाही. दिल्लीत जेएनयूत विद्यार्थी संघाच्या निवडणुकीआधी रात्री हजारो पोरं जमून अध्यक्षपदाच्या उमेदवारांची भाषणं ऐकतात, तिथं तर फर्डा वक्ताच लागतो, असं तो म्हणाला. मी म्हणालो, आपल्या गच्चीवर उलटं झालं. सगळ्यात छान बोलणारी विसरून गेली, आणि 'माहीत नाही' म्हणणारीवर गाव आठ दिवस भांडलं. पुरावा म्हणून त्याला द्यायला माझ्याकडं तीच ती मुकी क्लिप होती.

निवडून कोण आलं ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक त्यावरूनच ठरवतील, पोरांचं बरोबर की चूक. तसंही २०२५ ला मतदान २ डिसेंबरला झालं आणि हायकोर्टाच्या आदेशानं मोजणी गेली २१ तारखेवर. एकोणीस दिवस मशीन कुलपात, आणि गावाला चघळायला गच्चीशिवाय दुसरं काही नाही. तेवढ्या दिवसांत मला टपरीवर कमीत कमी चाळीस जणांनी विचारलं, "त्या बाई पुढं काय म्हणल्या होत्या रे?" मी प्रत्येकाला सांगितलं. वायरचंही प्रत्येकाला सांगितलं, लूज झाली होती म्हणून.

पोरांनी घ्यावं का असलं काही, असं मला विचाराल तर घ्यावं. त्यांनीच घ्यावं. पत्रकाराला जाहिरात लागते, व्यापाऱ्याला परवाना, मास्तरला बदली, मला थकबाकी. या वयात माणसाची उधारी थोडी असते. पण त्यांनी एक चूक केली आणि ती माझ्यामुळं झाली. त्यांनी जागा आपली घेतली, प्रश्न आपले घेतले, पैसे आपले भरले, आणि मिक्सरवर मला बसवलं. माझं भाडं त्यांनी दिलं होतं, पण माझा माईक आधीच अठरा हजारांना गहाण होता, हे त्यांना कुठून कळणार?

निकालानंतर चष्मेवाली आली, उरलेले दोनशे रुपये द्यायला. मी घेतले नाहीत. ती म्हणाली, "वायर लूज नव्हती ना, काका?" मी काही बोललो नाही. मग खुर्चीवर बसवून चहा मागवला आणि सगळं सांगितलं, अठरा हजारांसकट. ती चिडंल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "मिळाले का मग?"

नाही मिळाले. अजूनही नाही.

पोरं आता जिल्हा परिषदेच्या गटात असं काही करता येईल का बघायलीत. तिथं तर गावं लांब लांब, एका गटात पंधरा-वीस, गच्ची कुठली शोधणार. शाळेचं पटांगण आचारसंहितेत मिळायचं नाही. एका गावातलं देवळाचं आवार बघून आलीत, पण तिथल्या ट्रस्टींचा जावई उभा आहे. बघू. मिक्सरवर या वेळी त्यांच्यातलीच एक पोरगी बसणार. परवा दुकानात येऊन शिकून गेली, अर्ध्या तासात जमलं तिला. माईक शिट्टी मारायला लागला की कोणती पट्टी दाबायची ते दोनदा विचारलं, बाकी एकदाच. भाडं मात्र मी आधी घेणार आहे, सगळं, रोख. तसं तिला सांगितलंय.